चौदा दिवसांची गोळी आणि दोन मार्कांचं समीकरण

दहावीच्या विज्ञानात एक समीकरण आहे. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की निळा रंग हळूहळू जातो, तळाशी तांबं बसतं आणि वर जे रंगहीन द्रावण उरतं ते झिंक सल्फेटचं. ‘विस्थापन अभिक्रिया’ या नावाने हे एक-दोन मार्कांना येतं. मराठी माध्यमातली मुलं ते पाठ करतात, उर्दू माध्यमातलीही करतात आणि पेपर संपला की विसरतात. यातल्या कितीतरी मुलांच्या घरी फ्रिजवर किंवा कपाटात गोळ्यांची एक अर्धवट पट्टी पडलेली असते. धाकट्या भावंडाला जुलाब झाले तेव्हा आणलेली. चौदापैकी तीन-चार गोळ्या संपलेल्या, बाकीच्या तशाच. त्या पट्टीवर इंग्रजीत जे नाव छापलेलं असतं ते हेच, झिंक सल्फेट. वहीतला पदार्थ आणि पट्टीतला पदार्थ एकच आहे, हे त्या घरात सहसा कुणाला माहीत नसतं.

मी विज्ञान शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. तरी या विषयावर लिहिते आहे, कारण ही अडचण रसायनशास्त्राची कमी आणि भाषेची जास्त आहे असं माझं मत आहे. पालकसभा संपल्यावर आया थांबतात, पर्समधून कागद काढतात आणि विचारतात, “आपा, इस पे क्या लिखा है?” कधी रेशनकार्डाचा कागद असतो, कधी शिष्यवृत्तीचा, कधी औषधाचा. जुलाबाच्या गोळ्यांबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो: “अब तो जुलाब रुक गए, बाकी गोलियां फेंक दूं?” आणि कुणीतरी त्यांना आधीच सांगितलेलं असतं की जुलाब थांबले की गोळीही थांबवा, उगाच लेकराच्या पोटात केमिकल कशाला.

या ‘केमिकल’ शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. केमिकल म्हणजे वाईट, देशी म्हणजे चांगलं. पण ज्याला आपण देशी किंवा युनानी म्हणतो, तेही रसायनच असतं, फक्त त्याचं नाव आपल्या आजीच्या तोंडातलं असतं. जस्त हा शब्द घ्या. मराठीत जस्त, उर्दूतही जस्त. आता दुसरा शब्द, तूतिया. उर्दू शायरीत प्रिय व्यक्तीच्या पायाची धूळ ‘तूतिया-ए-चश्म’ केली जाते, म्हणजे डोळ्यांत अंजनासारखी घातली जाते. जुन्या अरबी-फारसी वैद्यकात तूतिया हे प्रामुख्याने जस्ताच्या भट्टीत धुरासारखं उडून भिंतीला चिकटणारं झिंक ऑक्साइड होतं. इब्न सिना यांनी त्याचा उपयोग डोळ्यांसाठी सांगितला आहे. मार्को पोलोने इराणच्या प्रवासवर्णनात ते कसं तयार करतात हे लिहून ठेवलं आहे. या शब्दाचं नातं अनेक अभ्यासक संस्कृत ‘तुत्थ’शी जोडतात. आणि आपल्या मराठीतला ‘मोरचूद’ म्हणजे मयूरतुत्थ, मोराच्या रंगाचं तुत्थ. म्हणजे शायरीतला तूतिया आणि द्राक्षबागायतदाराच्या फवारणीतला मोरचूद हे दूरचे चुलतभाऊ निघाले.

पण इथेच सावध व्हायला हवं. नाव जुनं आहे म्हणून पदार्थ निर्धोक होत नाही. आज बाजारात नुसतं ‘तूतिया’ म्हटलं तर दुकानदार बहुधा नीला थोथा, म्हणजे मोरचूदच देईल. तो पोटात गेला तर विष आहे. पूर्वी रंगावरून नावं पडली होती: हिरवा तो हिराकस म्हणजे लोखंडाचा सल्फेट, निळा तो मोरचूद म्हणजे तांब्याचा, आणि पांढरा तो सफेद तूतिया म्हणजे जस्ताचा. तिन्ही गंधकाच्या तेजाबापासून होणारे क्षार, तिन्हींचे खडे दिसायला सारखे, गुण मात्र वेगळे. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत तर जस्त नसतंच, शिसं असतं, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे. त्यामुळे ‘आपलं जुनं’ आणि ‘त्यांचं केमिकल’ अशी विभागणी करून भागत नाही. पदार्थ कोणता आणि किती, हे दोनच प्रश्न विचारायचे असतात. रसायनशास्त्र आपल्याला हेच शिकवतं.

आता पांढऱ्या खड्याकडे जवळून पाहू. जस्तावर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतलं की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि द्रावणात झिंक सल्फेट उरतं. ते आटवून थंड केलं की स्फटिक होतात. या स्फटिकात झिंक सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. वजन केलं तर जवळपास ४४ टक्के पाणीच भरतं, आणि हात लावला तर खडा कोरडा! तापवला की हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जातं आणि एकच रेणू पाणी असलेली पूड मिळते.

ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते, पण खताच्या दुकानात तिच्यावर पैसे ठरतात. झिंक सल्फेटच्या एका पिशवीवर २१ टक्के जस्त लिहिलेलं असतं, दुसरीवर ३३ टक्के. अनेकांना वाटतं की ३३ वालं ‘कडक’ आणि २१ वालं ‘सौम्य’. तसं काही नाही. पहिल्यात पाण्याचे सात रेणू आहेत, दुसऱ्यात एक, इतकाच फरक. २१ टक्केवाल्या २५ किलोत सव्वापाच किलो जस्त असतं, तेवढंच जस्त ३३ टक्केवाल्या सुमारे १६ किलोत मिळतं. शेतकऱ्याच्या मुलाला हा हिशेब सातवीच्या शेकडेवारीत करता येतो. कुणी करायला सांगत नाही, एवढंच.

शेतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. झिंक सल्फेट महाग असतं, म्हणून त्यात स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळून विकण्याचे प्रकार होतात. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. ओळखायचं कसं? कृषी विभाग शेतकऱ्यांना एक साधी चाचणी सांगतो. डीएपी खत पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचं आणि त्यात झिंक सल्फेटचं द्रावण टाकायचं. जस्त असेल तर फुटलेल्या दुधासारखा दाट पांढरा साका येतो. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा साका येत नाही. हा साका म्हणजे झिंक फॉस्फेट. डीएपीतल्या फॉस्फेटने जस्त धरलं आणि ते पाण्यात न विरघळणारं झालं.

भेसळ ओळखायला ही चाचणी चांगली. पण हेच शेतात घडलं तर? शेतकरी वेळ वाचवायला डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवून टाकतो तेव्हा नेमकं हेच होतं. पैसे जस्ताचे दिले, जस्त जमिनीत गेलंही, पण मुळांना मिळणार नाही अशा रूपात गेलं. म्हणून झिंक सल्फेट वेगळं, शेणखतात मिसळून द्या असं सांगतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर सामू जास्त असल्याने जस्त आधीच अडकून बसलेलं असतं. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६च्या सुमारास पंतनगरला दाखवून दिलं की भाताची पानं तांबूस पाडणारा ‘खैरा’ हा जंतूंचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, आणि उपाय म्हणून झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीबरोबर फवारायला सांगितलं. तात्पर्य, जस्त असणं वेगळं आणि ते मिळणं वेगळं.

हीच गोष्ट माणसाच्या पोटात घडते, आणि ती उलगडायला सुरुवात झाली ती शिराझमध्ये, हाफिज आणि सादींच्या शहरात. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद हे डॉक्टर १९५८ साली तिथे काम करत होते. त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय एकवीस, पण दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा. उंची खुंटलेली, वयात आल्याचं एकही लक्षण नाही, रक्त अतिशय कमी. तो गव्हाच्या रोटीवर जगत होता, मांस-अंडी जवळजवळ नाहीत, आणि रोज माती खायचा. लोह दिलं तर रक्त वाढेल, पण खुंटलेल्या वाढीचं काय, हा प्रश्न त्यांना पडला. असे आणखी रुग्ण सापडले. १९६१ साली त्यांनी जस्ताच्या कमतरतेची शक्यता मांडली आणि पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांचा अभ्यास करून ती दाखवली. जस्त दिल्यावर मुलांची उंची वाढली, ती वयात आली. तोवर माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते हे वैद्यकाला मान्य नव्हतं. अनेक तज्ज्ञांनी बरीच वर्षं शंका घेतली. अमेरिकेत जस्ताचं रोजचं आवश्यक प्रमाण ठरवलं गेलं ते १९७४ मध्ये.

गव्हात जस्त नसतं का? असतं, कोंड्याजवळ चांगलं असतं. पण तिथेच फायटेटही असतं. फायटेटच्या एका रेणूवर सहा फॉस्फेट असतात. शेतात डीएपीच्या फॉस्फेटने जे केलं, तेच आतड्यात फायटेटचं फॉस्फेट करतं: जस्त धरून ठेवतं, शोषू देत नाही. खमीर घालून पीठ आंबवलं किंवा धान्याला मोड आणले की हे फायटेट बरंचसं तुटतं. त्या गावांतली रोटी बिनखमिराची होती. आपली चपाती आणि भाकरीही बिनखमिराचीच. म्हणून भाकरी सोडा असं मी म्हणत नाही. सोबत मोड आलेली मटकी असावी, अंडं असावं, मांस असावं. मांसातलं जस्त शरीराला सहज मिळतं.

इथे आपल्या घरांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. “आम्ही गोश्त खाणारे, आम्हाला काय कमी?” असं म्हटलं जातं. गोश्त घरात येतं हे खरं, पण ते कुणाच्या ताटात जातं? बोटी आधी पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात, मग मोठ्या मुलांच्या. सून शोरव्यावर भागवते. आणि वर्ष-दीड वर्षाचं लेकरू चहात बुडवलेल्या बिस्किटावर आणि पातळ खिचडीवर वाढत असतं. जस्ताची सर्वाधिक गरज कुणाला? झपाट्याने वाढणाऱ्या त्या लेकराला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या त्या सुनेला. शेताची गोष्ट घरातही लागू आहे. घरात आहे, पण ज्याला हवं त्याला मिळत नाही.

त्या लेकराला जुलाब लागले की पाण्याबरोबर क्षार जातात आणि जस्तही जातं. आतड्याचं अस्तर दुरुस्त व्हायला जस्त लागतं, म्हणजे गरज वाढते त्याच वेळी साठा घटतो. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्रितपणे सांगितलं की जुलाबात ओआरएसबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्या. आपल्याकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे १४ दिवस देण्याची पद्धत आहे. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देतात. जस्ताने जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याचं प्रमाण कमी होतं. हा दुसरा फायदा हवा असेल तर जुलाब थांबल्यावरही गोळी चालू ठेवावी लागते. तिसऱ्या दिवशी गोळी बंद करणं म्हणजे गळती थांबवली, पण टाकी भरलीच नाही. आणि हे जस्त ओआरएसच्या ऐवजी नाही, ओआरएसच्या जोडीला आहे. जीव वाचवणारं पाणी आणि मीठ-साखर आधी.

मग गोळ्या का सोडल्या जातात? एक कारण चव. झिंक सल्फेट तुरट, धातूसारखं लागतं आणि मुलं उलटी करतात. हे आईच्या मनाचे खेळ नाहीत. झिंक सल्फेट जास्त प्रमाणात पोटात गेलं तर उलटी होते, हा त्याचा गुणच आहे. २०२० मध्ये भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवर झालेल्या अभ्यासात ५ आणि १० मिलिग्रॅमचा डोस २० इतकाच उपयोगी ठरला आणि उलट्या कमी झाल्या. त्यामुळे उलटी झाली तर गोळी फेकू नये, आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावं, प्रमाण तेच ठरवतील. पण मोठं कारण वेगळं आहे. चौदा दिवस कशासाठी, हे आईला तिच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, जस्त मात्र सुमारे ३० टक्क्यांनाच. ओआरएस हा शब्द घराघरात पोहोचला, जस्त अजून उंबऱ्याबाहेर आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जस्त चांगलं म्हणून मोठ्यांनी वाटेल तितकं खायचं नसतं. कोरोनाच्या काळात जस्ताच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या गेल्या. काहींनी त्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या. दीर्घकाळ जास्त जस्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. आतड्याच्या पेशी जस्तामुळे एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवतात, ते तांब्याला धरून ठेवतं, पेशी झडते आणि तांबं तिच्यासोबत बाहेर जातं. चंचुपात्रात जस्त तांब्याला हटवतं त्याहून ही रीत वेगळी आहे, पण शेवट सारखाच, तांबं बाहेर. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठत जातं, तिथे डॉक्टर मुद्दाम झिंक अॅसिटेट देतात. एकाच धातूचे क्षार असे वेगवेगळ्या कामांना येतात. घामोळ्यांवरच्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये झिंक ऑक्साइड, जुलाबाच्या गोळीत झिंक सल्फेट, विल्सनच्या औषधात झिंक अॅसिटेट. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. लेकराला खताच्या पिशवीतलं झिंक सल्फेट देता येत नाही, कारण नाव तेच असलं तरी शुद्धता ती नसते.

आता प्रश्न आपण काय करायचं हा. सरकारने पट्टीवर मराठी-उर्दूत छापावं ही मागणी योग्यच आहे, पण ते होईपर्यंत थांबायचं कारण नाही. मी भाषा शिकवते, म्हणून भाषेच्या शिक्षकांना आधी विनंती करते. आपण उपयोजित लेखनात मुलांना काय लिहायला देतो? संगणक क्लासची जाहिरात, पुस्तक प्रदर्शनाची बातमी. त्याऐवजी एकदा औषधाच्या पट्टीवरचा मजकूर द्या आणि म्हणा, हा तुमच्या दादीला समजेल अशा उर्दूत लिहा आणि शेजारच्या काकूंना समजेल अशा मराठीत लिहा. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट’ला कसं समजावाल? ‘एलिमेंटल झिंक २० मिलिग्रॅम’ म्हणजे काय? मुलं विज्ञानाच्या शिक्षकांकडे धाव घेतील, आणि तीच मला हवी आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी विस्थापन अभिक्रियेच्या तासाला ती पट्टी आणि खताच्या पिशवीवरचा छापील मजकूर वर्गात आणावा. दहावीची मुलगी घरी जाऊन अम्मीला सांगेल की हे माझ्या पुस्तकातलं आहे, जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचं असतं, तेव्हा तिचं ऐकलं जाईल. आपल्या घरांत शिकलेल्या मुलीच्या शब्दाला आता वजन आहे, त्या वजनाचा उपयोग होऊ द्या.

आणि आयांना, बहिणींना सांगणं एकच. पावसाळ्यात लेकराला जुलाब झाले तर ओआरएस द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या घ्या आणि कॅलेंडरवर चौदा दिवसांच्या खुणा करा. लेकराचे डोळे खोल गेले, ते सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर गोळीच्या भरवशावर न राहता लगेच दवाखाना गाठा. पाचव्या दिवशी लेकरू हसतं-खेळतं झालं आणि कुणी म्हणालं की आता केमिकल बंद कर, तर त्यांना सांगा की अजून नऊ गोळ्या बाकी आहेत.